वाऱ्याच्या उलट आलेला तराफा

"मांगे सरका, बठ्ठा मांगे सरका! रत्ना ई ऱ्हायनी!"

हिलाल भगत गरजला आणि रत्ना येतेय म्हणताच सोनगीरजवळच्या त्या गावातला तळ्याकाठचा अख्खा जमाव मागे सरला. तळ्याच्या मधोमध कर्दळीने भरलेला तराफा हलला. ना वल्हं, ना माणूस! सरळ धुण्याच्या दगडाकडेच यायला लागला. याच दगडावर रत्ना कपडे धुवायची. गेल्या वर्षी काविळीने गेली, तीन वर्षांचा तेजस मागे ठेवून.

नववीतल्या मयुरीच्या अंगावर सर्रकन काटा आला. खरं तर तराफा तिच्याच वर्गाने बांधलेला. बांबू, रिकामे कॅन, वर कर्दळ. गटारीचं पाणी मुळांनी निवळावं म्हणून. पण मधली ती उंच कर्दळ चुलतबहीण रत्नाताईसारखीच मान तिरकी करून झुलत होती.

"मायनं पानी लेकराले!" काठ चढत, मागे मागे सरकत भगत घुमू लागला. "ताप, नजर, बारावीनं गणित, बठ्ठं बरं व्हई!"

रत्नाची आई कोकिळा, मयुरीची मोठी माय, तापाने फणफणलेल्या तेजसला कडेवर घेऊन पाण्यात उतरली. काचेसारखं पाणी तिने तांब्यात भरलं.

तेवढ्यात मयुरीला कर्दळीची पानं दिसली. ती वाकत होती तळ्याकडे, आणि तराफा येत होता काठाकडे. वाऱ्याच्या उलट? भगत घाम पुसायला थांबला. तराफाही थांबला!

ती धावली आणि तिने भगताच्या पायातलं कडंच धरलं. कड्याला तंगूस! मासे धरायचा दिसत नाही असा दोरा, थेट तराफ्यापर्यंत. तिने हिसका दिला, तराफा दगडावर आदळला.

"काय रे भगत," गर्दीतले म्हातारे मगन आबा म्हणाले, "रत्ना तुन्हा पायले बांधेल शे का?"

सगळे खो खो हसले. कोकिळा हसली नाही. "दोरा ऱ्हाऊ दे. पानी तं साफ शे ना? ते मन्ही रत्नानंच करं." तांब्या तेजसच्या ओठाशी गेला.

मयुरीने कर्दळीचं एक रोप उपसलं. हातभर मुळं, त्यांना काळा चिकट गाळ, आणि असा वास की पुढचे लोक मागे सरले.

"देख, मोठी माय! पाणी या मुळांमुळे निवळलं. घाण मुळांत अडकते, तिथले जिवाणू ती खातात. पण रोगाचे जंतू दिसत नाहीत, ते साफ पाण्यातही असतात. विहीर आटली तेव्हा ताई हेच पाणी प्यायली. कावीळ पाण्यातून झाली, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं होतं ना?"

तांब्या ओठाशीच थांबला.

"मंग मन्ही रत्ना कोठे शे?"

कडेवरचा तेजस मान तिरकी करून कर्दळीकडे बघत होता. मयुरीने त्याच्याकडे नुसतं बोट दाखवलं.

कोकिळाने तांब्या पालथा केला आणि तेजसला छातीशी घट्ट धरून दवाखान्याची वाट धरली.

मयुरी लोकांकडे वळली. "प्यायचं पाणी उकळूनच प्या. आणि पुन्हा काही आपोआप हललं, तर हात जोडायच्या आधी दोरा कोणाच्या पायात आहे ते बघा!"

भगत केव्हाच पसार झाला होता. कडं काठावर पडलं होतं. दोरा सुटलेला तराफा आता वाऱ्याबरोबर तळ्याच्या मध्यावर चालला होता. तरी त्या उंच कर्दळीकडे मयुरीने एकदा वळून पाहिलंच.