राखाडी लापशी

"ही लापशी आहे की भिंतीला द्यायचा चुना?" ओइवा बायकोच्या कानाशी पुटपुटला.

तुइरेने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. चुलीशी पाठमोरी उभी असलेली तिची आई, इर्या, कानांनी अजून ठणठणीत होती.

पण नवरा खोटं बोलत नव्हता. आईची जवाची लापशी म्हणजे भट्टीत मंद आचेवर शिजलेली, आणि उतरवताना त्यात रानातल्या ब्लूबेरींची ओंजळ. एकदा ढवळली की वाडगं गडद जांभळं, जीभ निळी, दात निळे. डोळे तेज राहतात म्हणून आईने लेकीला लहानपणापासून रोज सकाळी हीच चारली, स्वतःही चुकवली नाही. आज मात्र वाडग्यात राखाडी गोळा होता. तुइरेने चमच्याने एक फळ चिरडलं. आतून पांढरंफटक. दलदलीच्या कडेला ब्लूबेरीची एक सावत्र बहीण वाढते. वरून तशीच निळी, आत ना रंग ना चव. या भागातलं शेंबडं पोरही तिला फसत नाही.

"कशी झालीये?" इर्याने विचारलं.

"छान," ओइवा म्हणाला.

"मस्त गं," तुइरे म्हणाली, आणि दोघांनी खाली मान घालून चमचे मारले.

दोघं बोलायला आली होती ते वेगळंच. आईसाठी गावातला फ्लॅट पाहून ठेवला होता, लिफ्टचा, दवाखान्याजवळचा. आणि इर्याचं उत्तर सगळ्यांना पाठ होतं: "ब्लूबेरी वेचता येते तोवर मी इथून हलायची नाही." लापशीचं खरं सांगणं म्हणजे तोच विषय काढणं, म्हणून तर दोघं मुकाट खात होती.

"ब्लूबेरीचा डबा संपत आलाय," इर्या म्हणाली. "जाऊन येते रानात."

"मी येते सोबत."

तुइरेच्या तोंडून निघून गेलं, आणि तिने जीभ चावली. दुसऱ्याच्या ब्लूबेरीची जागा विचारणं म्हणजे त्याच्या कपाटात हात घालणं. आईची जागा बाबांनाही शेवटपर्यंत कळली नव्हती. जाताना ती मुद्दाम उलट्या वाटेने निघायची आणि सौनाच्या, त्या वाफेच्या न्हाणीघराच्या मागून वळसा घ्यायची.

इर्या कितीतरी वेळ भांडं पुसत राहिली. मग म्हणाली, "रबरी बूट घाल."

ओइवाचा चमचा हातातच राहिला. "मला नाही कधी विचारलंत, सासूबाई!"

"तुम्ही भांडी घासा, जावईबापू. अख्ख्या गावात सांगत सुटाल."

रानात शिरल्यावर आई पुढे आणि लेक मागे. डासांचं मोहोळ डोक्याभोवती. तुइरे मुळांना अडखळत होती, इर्या नाही. आडव्या पडलेल्या खोडाआधीच तिचा पाय उचलला जायचा. एका मोठ्या दगडाला तिने तळहात लावला, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि डावीकडे वळली. दलदलीतल्या झुडपांचा डोकं जड करणारा वास आला तशी थांबली, नाक वर केलं, पुन्हा वळली. तुइरे बघत राहिली. रानच हिला हात धरून नेत होतं.

मग झाडं विरळ झाली. उतारावर निळं धुकं बसलंय असं तुइरेला वाटलं. ऊन त्यावर सरकलं, तरी धुकं उठेना. फळं होती ती. गुडघाभर झुडपं, पार खालपर्यंत, आणि पानांपेक्षा फळं जास्त. वारा नाही, पाखरू नाही. तुइरे जागीच थांबली. लहानपणापासून ती हे खात आली होती, आणि ते इथून येत होतं.

"बोल की," इर्या म्हणाली. "आहे ना अजून?"

"आहे, आई. केवढं आहे."

इर्या खूश होऊन हसली आणि फळं ओरबाडायचा दातेरी फणीचा डबा घेऊन उतरू लागली. सगळं निळं रान मागे टाकून पार खाली गेली, जिथे शेवाळ ओलं होतं, झुडपं कमरेइतकी होती, पाठ फार वाकवावी लागत नव्हती. तिथे तिने खसाखसा फणी मारायला सुरुवात केली. तुइरे जवळ गेली. डब्यात एकजात सावत्र बहिणी पडत होत्या.

आई घामाघूम होऊन कामाला भिडली होती, स्वतःशी गुणगुणत होती. डबा काठोकाठ भरला, तशी इर्या सरळ झाली, कमरेवर हात ठेवून दम घेतला, मग दोन्ही तळवे लेकीसमोर धरले.

"झाले का गं निळे?"

सुरकुत्यांमध्ये पानांचा चुरा अडकला होता. बाकी हात धुतल्यासारखे स्वच्छ होते.

'हो' हा शब्द तुइरेच्या जिभेवर तयार होता. त्या एका शब्दावर आणखी एक हिवाळा निघाला असता. आई त्या घरात एकटी, चूल, बर्फातली पायरी, गोठलेलं तळं.

"नाही, आई."

इर्याने तळवे ॲप्रनला पुसले. पुन्हा पुसले. मागे उतारावर ते सगळं निळं ऊन खात पडलं होतं, आणि तिने तिकडे तोंड केलं, अगदी बरोबर तिकडे.

"मला दिसत नाही गं, तुइरे," ती म्हणाली.