नाकाची साक्ष

या, जरा पुढे सरका. भिंतीला टेकलेल्यांनीही जवळ या. आज एका मावशीची गोष्ट सांगतो. माणसं मिठाला जागतात, ही देवाने दिलेल्या नाकाला जागली.

"बघत काय उभी राहिलीस चंबू? हुंग!" सकाळी सहाला, जलशुद्धीकरण केंद्रात मावशी खेकसली.

सोळा वर्षांची चंबू तिची भाची, नुकतीच कामाला लागलेली. मावशीने टाकीतल्या पाण्याने अर्धी भरलेली बाटली खळखळून हलवली, झाकण उघडलं. भपकन रॉकेलचा वास आला. चंबूचे डोळे सवयीने मनगटाकडे गेले. तिथे सगळ्यांच्याच मनगटावर असायचा तो सांग्या होता. जेवायचं कधी, छत्री घ्यायची का, डोळ्यांत पाणी आलंय ते दुःखाने की कांद्याने, सगळं तोच सांगायचा. आत्ता त्याचा हिरवा दिवा सांगत होता: पाणी शुद्ध.

"मावशी, हा तर चांगलं म्हणतोय."

"त्याला नाक आहे का?"

अर्ध्या तासात पाणी गावात सुटणार होतं. चंबूच्या चार महिन्यांच्या भावाचं पावडरचं दूध त्याच पाण्यात कालवलं जायचं.

साहेब आले. त्यांनी बाटली हुंगली, कपाळाला आठ्या पडल्या. मग मनगट तोंडाशी नेऊन त्यांनी विचारलं, "मला वास येतोय का?"

"नाही," सांग्या म्हणाला.

"नाही येत," साहेब सुटकेने म्हणाले.

मावशीने कपाळावर हात मारला. "अरे देवा! मग चेहऱ्याच्या मधोमध ते काय शोभेला लावलंय?"

"मावशी, हुकमाशिवाय पाणी अडवलंत तर यंत्रणा तुमचं नाव काढून टाकेल. माझ्या हातात काही राहणार नाही."

"तुझ्या हातात होतं कधी रे बाबा?"

ती तरातरा तळघरात उतरली. मुख्य नळाचं लोखंडी चाक कित्येक वर्षांत कुणी फिरवलं नव्हतं. मावशी लोंबकळली, तरी हलेना. चंबूने हात लावताच सांग्या बोलला, "हे तुमचं काम नाही. थांबा."

चंबू थांबली. खोटं कशाला बोला, थांबलीच. मग भावाचं बोळकं डोळ्यांपुढे आलं. तिने पट्टा सोडून सांग्या पायाशी टाकला आणि चाकाला छाती लावली. चाक किंचाळलं, फिरलं, पाणी अडलं.

नदीकाठाने वर गेलेल्या कामगारांना उलटलेला, नदीत गळणारा रॉकेलचा टँकर सापडला. चालक पहाटेपासून शेजारी बसून होता. अपघात झाल्याचं त्याला सांग्याने अजून कळवलं नव्हतं.

तोवर मावशी फाटकाबाहेर, पाणी न आल्याने चिडलेल्या लोकांना समजावत होती. परतताना तिने फाटकावर तळवा टेकवला. लाल दिवा. पुन्हा टेकवला. अठ्ठावीस वर्षांची नोकरी, फाटक ओळख द्यायला तयार नाही.

चंबूने रडत तिचा डबा गजांतून बाहेर दिला. साहेबही आत मान खाली घालून उभे होते. सकाळपासून उपाशी, कारण गोंधळात सांग्याने जेवणाची वेळच सांगितली नव्हती.

मावशीने डबा उघडला. पोळीभाजीचा घास केला आणि हात गजांतून आत घातला.

"खा रे. भूकही त्यालाच विचारणार का?"

साहेबांनी तोंड उघडलं.

ती आता नाही, मंडळी. कुणी न सांगता भूक लागलेली कळली, तर पहिल्या घासाआधी तिला तेवढं आठवा.