कॅप उजवीकडे होती

खर्ऱ्यापायी सुशीलरावांची उजवी दाढ जाता जाता वाचली आणि तिच्यावर कॅप बसली. तंबाखू-सुपारी घोटून केलेली ती पुडी वर्षानुवर्षं त्यांच्या गालात मुक्कामाला होती. क्लिनिकमधून घरी येताच त्यांनी बायकोच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझी शपथ वं, माया! आजपासून खर्रा बंद."

भोळी बाई! गहिवरलीच. चिवड्याचा डबा माळ्यावर गेला, भाकर दुधात कुस्करली जाऊ लागली, जेवण झालं की कॅपच्या कडा साफ करायचा बारीक ब्रश ती स्वतः हातात द्यायची. मग ते म्हणू लागले, तिखट झोंबते. कॅपमुळंच असेल, असं धरून मिरचीसाठी नावाजलेल्या भिवापूरच्या या लेकीनं घरातला ठेचासुद्धा बंद केला, स्वतःचाही. वर शेजारणींना ऐकवायची, "आमच्या यांनी सोडला बरं का खर्रा!"

सहा महिन्यांनी दोघं मनीषनगरातल्या त्याच क्लिनिकमध्ये तपासणीला गेले. डॉक्टर रितिकानं दाढ निरखली. "काका, कॅप फर्स्ट क्लास! एवढी काळजी कोणी घेत नाही."

मायाताई अश्शा फुलल्या!

"आता मोठा आ करा."

तोंड दोन बोटांच्या वर उघडेना. डॉक्टरनं डावा गाल ओढून पाहिला आणि तिचं हसू मावळलं. "खर्रा चालूच आहे ना, काका? गाल आतून पांढरा पडलाय, ताठ झालाय. तिखट झोंबत असेल."

"काहीतरीच काय!" मायाताई उसळल्या. "शपथ घेतली त्यांनी. अहो, सांगा ना डॉक्टरले!"

सुशीलराव छताकडे बघत पुटपुटले, "तुम्हीच म्हटलं होतं ना, कॅपकडून कडक चावू नका. मी एकदाही तिकडून चावला नाही. डावीकडेच ठेवतो."

मायाताईंनी मनात हिशेब लावला. म्हणजे रोज? दूध-भाकर खाऊन, ब्रश फिरवून, वर पुन्हा खर्रा?

"कॅपले बरं जपलं तुम्ही," त्या कशाबशा म्हणाल्या. "अन् मले? मी मेली असती तरी चाललं असतं ना?"

"तसं नाही वं..."

"गालाचा तुकडा तपासायला पाठवावा लागेल," डॉक्टर हळूच म्हणाली.

तेव्हा मात्र सुशीलराव घाबरले. खुर्चीतूनच त्यांनी बायकोच्या डोक्याकडे हात नेला. "आता खरंच सोडतो. तुझी..."

मायाताईंनी तो हात वरच्या वर धरला आणि त्यांच्याच टकलावर दाबला.

"आता घ्या शपथ," त्या म्हणाल्या.

सुशीलराव हात सोडवून घेऊ लागले.