काठोकाठ भरलेली वाटी

मुलांनो, एक लाकडी वाटी डोळ्यांसमोर आणा. मिसो सूपने, म्हणजे जपानी घरांतल्या रोजच्या पातळ सूपने, काठोकाठ भरलेली. ती हातात घेऊन जिना चढायचा आहे. कसे चढाल?

तोक्योतल्या कुरामोचींपुढे हाच प्रश्न होता. ते अ‍ॅनिमेशनपटांचे दिग्दर्शक. पण त्यांना चित्रं काढता येत नसत. तरुणपणी ते सायकलवरून चित्रांचे गठ्ठे पोहोचवायचे. पुढे दिग्दर्शक झाले, तरी त्यांनी काढलेली मांजर बटाट्यासारखीच दिसे. म्हणून ते करून दाखवत. कुत्रा हवा असला की टेबलाखाली रांगत, म्हातारी हवी असली की कमरेत वाकत. चित्रकार ते बघून काढत. सगळी कारकीर्द अशीच झाली.

आता शेवटचा चित्रपट चालला होता. त्यात एक मुलगी आजारी आजोबांसाठी सूप घेऊन जिना चढते. मिसाओ या चित्रकर्तीनं ते पुन्हापुन्हा काढलं. पण चित्रं भराभर उलटून पाहिली की मुलगी हॉटेलातल्या वेटरसारखी चाले. संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर प्रसंग कापायचा, असं निर्मात्यानं बजावलं होतं. आणि कुरामोचींनी चित्रपट घेतला होता तो याच प्रसंगासाठी.

"सर, तुम्हीच करून दाखवा ना," मिसाओ म्हणाली.

"या गुडघ्यांनी? मग ते सूप मलाच पाजावं लागेल."

शाळेला सुट्टी म्हणून मिसाओची मुलगी नाझुना तिथंच स्टुडिओत बसली होती. तिनं रिकामी वाटी उचलली आणि डोळे मोठे करून, पावलं मोजत चालून दाखवलं.

"नाटक करतेयस," कुरामोची म्हणाले. "अगदी आईवर गेलीस."

"मग वाटीत काहीच नाहीये ना, आजोबा."

कुरामोचींनी वाटीत डोकावून पाहिलं. इतकी वर्षं तेही रिकाम्या हातांनीच सगळं करून दाखवत आले होते. त्यांनी आपल्या जेवणाच्या डब्यातलं उरलेलं कोमट सूप वाटीत काठोकाठ ओतलं.

"वर माझ्या टेबलावर नेऊन ठेव."

"सांडलं तर?"

"मी पुसेन."

"आणि आई ओरडली तर?"

"तिला वेळ कुठाय? ती बघत असेल."

मिसाओ पेन्सिल घेऊन जिन्याखाली उभी राहिली. पहिल्याच पायरीवर सूप हिंदकळलं. नाझुना थांबली. तिनं वाटीकडे पाहिलं, वरच्या मजल्याकडे पाहिलं. मग तोंड वाटीपाशी नेऊन सुर्रकन दोन घोट प्यायली, ओठ बाहीला पुसले आणि भराभर वर निघून गेली. खाली मिसाओची पेन्सिल कागदावर धावू लागली.