उभ्या गाडीचे किलोमीटर

शेवटचा आकडा तीन आणि चारच्या मध्येच थबकलेला – तिनाचं बूड वर सरकलेलं, चाराचं डोकं खालून वर येऊ बघणारं – आणि डायरीत अर्धा आकडा लिहिता येत नाही, म्हणून आत्माराम गाडीच्या काचेला नाक लावून केव्हाचा वाकून उभा होता. चारच धरू. म्हणजे काल सकाळपासून अठ्ठेचाळीस किलोमीटर. फुलपाड्यातून चंदनसार, पुढे विरार फाटा, मग हायवे आणि जूचंद्रची शाळा, जाऊन येऊन चव्वेचाळीस. त्याने स्वतः दोनदा मोजलेले. वरचे चार कुठे गेले?

काल दुपारी त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, उशीर का झाला म्हणून. ‘कोंडी होती,’ सुमेधा म्हणाली होती आणि पदर खोचून भात लावायला वळली होती. कोंडी होती… असेल. कोंडीत उशीर होतो, मान्य. पण उभ्या गाडीचे किलोमीटर वाढत नाहीत. शाळेत मराठी शिकवणाऱ्या बायकोला हे सुचणार नाही. पण एकवीस वर्षं बसडेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून घासलेल्या माणसाला तेवढंच तर सुचतं.

जिन्यात तिच्या चपलांचा आवाज आला तसा तो गाडीपासून दूर झाला आणि उगीचच सोसायटीच्या कुंडीतली तुळस न्याहाळू लागला. आज गुरुवार, त्याची साप्ताहिक सुटी. ‘येते हं,’ म्हणून ती निघून गेली. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तो बघत राहिला – उजवीकडेच वळली. उजवीकडेच वळायला हवं होतं. तरी बरं वाटलं नाही.

घरात एफएमवरची मुलगी ओरडत होती. स्लो, हेवी, जाम – हे शब्द ती भेळेवर शेव भुरभुरावी तसे कुठेही टाकायची, आणि दहिसर चेकनाक्याच्या अलीकडे तर तिच्या लेखी माणसंच राहत नव्हती. म्हणून तर त्याने स्वतःचा तक्ता केला होता. संथ म्हणजे गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही. दाट म्हणजे पहिला गिअर आणि क्लचवरचा पाय दुखायला लागतो. कोंडी म्हणजे सिग्नल नसताना उभं राहणं. आणि ठप्प म्हणजे लोक इंजिन बंद करून खाली उतरतात आणि शेंगदाणेवाले पोचतात. सुवाच्य अक्षरात लिहून त्याने तो गाडीत तिच्यासमोर चिकटवला होता, तिच्या सोयीसाठी. गाडी शिकवली मीच, रस्ते दाखवले मीच, कुठल्या वेळी कुठून यायचं तेही मीच सांगतो… मग हा चार किलोमीटरचा रस्ता तिला कोणी दाखवला?

कोणी, ते त्याला माहीत होतं. म्हणजे माहीत नव्हतं, पण होतं. गेल्या दिवाळीत ती एकदाच म्हणाली होती, ‘चित्रकलेचे ॲन्सेल्म सर सांगत होते, रेल्वे फाटकाकडून आतला रस्ता पण आहे म्हणून.’ एकदाच. त्यानंतर ते नाव घरात आलं नाही, आणि मनात पाल चुकचुकली ती त्यामुळेच. माणूस सहज असता तर त्याचं नाव दुसऱ्यांदा आलं नसतं का? डायरीत जास्तीच्या किलोमीटरसमोर तो पेन्सिलने बारीक ‘ॲ’ काढू लागला होता. फेब्रुवारीत नऊ वेळा. मार्चमध्ये चौदा. एप्रिल लागल्यापासून रोज.

खोटं कारण त्याला वासाने कळायचं. काशीराम ड्रायव्हर रोज पंचवीस मिनिटं उशिरा यायचा आणि कारणात लिहायचा, ‘फाटक बंद’. आत्मारामने गेटमनशी ओळख काढली, आठवडाभर वेळा उतरवून घेतल्या आणि साहेबांसमोर कागद ठेवला: फाटक उघडं होतं. काशीरामची बदली झाली. जाताना तो त्याच्याकडे नुसता बघून गेला. ती पंचवीस मिनिटं तो कुठे थांबायचा, हे मात्र आत्मारामला कधीच कळलं नाही. विचारलंच नव्हतं. कारण खोटं आहे एवढं सिद्ध करायचं असायचं, खरं काय ते शोधायचं काम कोणाकडेच नव्हतं.

साडेबाराला तो शाळेच्या फाटकापाशी, रिक्षातून उतरून, घामाने निथळत उभा होता. एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं. सुमेधा वह्यांचा गठ्ठा घेऊन एकटीच आली. त्याला बघून थांबली, एवढंसं, पण थांबली.

‘तुम्ही? इथे?’

‘चंडिकेच्या देवळात आलो होतो. म्हटलं, तुझ्याबरोबरच जावं.’

तिने त्याच्या कपाळाकडे पाहिलं. कपाळाला कुंकू नव्हतं. हे राहूनच गेलं, त्याच्या लक्षात आलं, चोर पकडायला निघालेल्याने निदान एवढं तरी करावं… ती गाडीत बसली.

‘कुठून घेऊ?’

‘तू रोज येतेस तिथून.’

तिचा हात किल्लीवर क्षणभर राहिला. मग तिने गाडी हायवेकडे नाही, उलट्या बाजूला, रेल्वे फाटकाकडे वळवली. आत्माराम सीटवर पुढे सरकून बसला. खरं ठरल्याचा आनंद होता तो, आणि त्या आनंदाची त्याला किळसही आली. फाटक लांबूनच दिसलं, सताड उघडं. रस्ता मोकळा. संथ नाही, दाट नाही, काहीच नाही. तरीही तिने गाडी बाजूला घेतली, शिरीषाच्या सावलीत लावली आणि इंजिन बंद केलं.

तो आजूबाजूला बघू लागला. कोण येणार? कुठून?

आली ती एक म्हातारी, डोक्यावर ताडगोळ्यांची पाटी. ‘म्याडम, आज संगाती कोन हाय?’

‘आमचे हे आहेत, भागूबाई.’

‘आसं का! बसा, दादा, बसा.’ तिने पाटी उतरवली आणि सोललेला ताडगोळा खिडकीतून सुमेधाच्या हातावर ठेवला. ‘बाय रोज एकटीच येते. फाटक उघडं आसलं तरी थांबते. मी म्हनते, घरला कोन वाट बगत नाय का तुजी? तं निस्ती हसते.’

सुमेधाने ताडगोळा तसाच तोंडात टाकला. पाणी हनुवटीवरून ओघळलं, ते तिने मनगटाने पुसलं, घाई न करता. घरात ती असं खाताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. की तिच्याकडे पाहिलंच नव्हतं?

भागूबाई मागच्या रिक्षाकडे गेली. घंटा वाजली आणि फाटक खाली येऊ लागलं.

‘इथे काय करतेस तू?’

‘काही नाही.’

‘काही नाही म्हणजे?’

‘म्हणजे काहीच करत नाही. बसते.’ ती समोर बघत होती. ‘ॲन्सेल्म सर जानेवारीतच रिटायर झाले. तुमच्या डायरीतला तो ‘ॲ’ मला आधी कळलाच नव्हता.’

मालगाडी आली. डबे संपेनात. त्या खडखडाटात बोलावं लागत नव्हतं, हे बरं होतं. डायरी तिने वाचली होती… कधीपासून? आणि तरी रोज कोंडी म्हणत राहिली, रोज चार किलोमीटर जास्त, माझ्या नाकासमोर. गाडी संपल्यावर तो म्हणाला, ‘मग खोटं का सांगायचीस?’

‘कोंडी म्हटलं की तुम्ही पुढे विचारत नाही. तुमच्या तक्त्यात आहे ना ते.’

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. वीस मिनिटं इथे बसण्यासाठी ही बाई रोज वाट वाकडी करून येते, आणि इकडे कोणी नाही. पकडावं असं कोणीच नाही. माणूस असता तर त्याला शिव्या घालता आल्या असत्या. एरवी रिकाम्या असणाऱ्या ह्या सीटवर कोणाला बसवायचं? घरी मी वाट बघत असतो, भागूबाई. डायरी उघडून बघत असतो. त्याला एकदम काशीरामची नजर आठवली.

फाटक उघडलं. मागून हॉर्न वाजू लागले. तिने किल्ली फिरवली.

‘कुठून जायचं? मागे फिरून हायवेनं, की आतून?’

उत्तर जिभेवर तयार होतं. ह्या वेळी विरार फाट्याला दाट, आत बाजारामुळे कोंडी, तेव्हा हायवेच, पंधरा मिनिटं वाचतात. पंधरा मिनिटं लवकर पोचून त्या दोन खोल्यांत दोघांनी काय करायचं होतं?

‘लांबचा कुठला?’ त्याने विचारलं.

तिने वळून त्याच्याकडे पाहिलं, मग पहिला गिअर टाकला आणि गाडी रुळांवरून हळू पुढे घेतली. हे आपण तिच्यासाठी म्हणालो, की ती खूश होते का ते बघायला? त्याला सांगता येईना. डोळ्यांच्या कोपऱ्यातून तो तिच्या चेहऱ्यावर काही हलतंय का ते टिपत होता – आणि आपण अजूनही टिपतोच आहोत, हे लक्षात आल्यावर त्याला पहिल्यांदा तिची नाही, स्वतःचीच भीती वाटली.