पाहुण्यांच्या तिसऱ्या

जेवणाच्या डब्याएवढ्या एका यंत्रावर माझ्या गावाच्या खाडीचा निकाल लागायचा होता, आणि पुढच्या रांगेत कंपनीचे साहेब मजेत बिस्किटं खात होते.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी आमच्या उरणच्या खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, तपासल्या होत्या. पाण्यातून जड धातू अंगात शिरले की शिंपल्यातल्या त्या जिवाचा एक जनुक कामाला लागतो आणि धातूंना बांधून ठेवणारं प्रथिन बनवतो. तो किती जोरात चाललाय हे पीसीआर यंत्र मोजतं. पडद्यावरची रेघ जितकी लवकर वर चढेल, तितका तो जनुक जास्त राबतोय. आमच्या तिसऱ्यांमध्ये तो नुसता बोंबलत होता.

कंपनीला त्याच खाडीत सांडपाण्याचा आणखी एक नळ सोडायचा होता. साहेब म्हणाले, कॉलेजात बसून आकडे कोणीही काढील, जनसुनावणीत सगळ्यांसमोर करून दाखवा. आणि मृणाली मॅडम, म्हणजे मी, याच गावच्या, तेव्हा तिसऱ्या त्यांनी काढायच्या नाहीत, गावातल्या कोणीतरी आणून द्याव्यात. सरकारी अधिकाऱ्यांनी मान डोलावली. स्वतः चिखलात उतरून नमुना घ्यावा हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. बूट खराब झाले असते ना!

म्हणून ते छोटं यंत्र, पॉवर बँक आणि मी समाजमंदिरात. तिसऱ्या आणल्या सगुणाकाकीने. जन्मभर ओहोटीला खाडीत बसून तिसऱ्या काढणारी बाई. नळ आला तर पहिलं पोट तिचंच मारलं जाणार होतं.

तासाभराने रेघ उमटली. स्वच्छ खाडीतल्या तिसऱ्यांची रेघ मी आधीच घेऊन ठेवली होती. ही नेमकी तिच्यावर जाऊन बसली.

"म्हणजे खाडी ठणठणीत आहे की!" साहेब हसले. "मॅडम, मशीन तुमचंच हां."

अधिकारी लिहू लागले. माझं डोकं फिरलं. मी काकीला दंडाला धरून बाहेर नेलं.

"काकी, कुठल्या आणल्यास या?"

"मांडव्याच्या," ती कौतुकाने म्हणाली. "लेकीकडं गेलते, करंज्यावरनं लाँच धरून. बघितल्यास ना कशा हायेत, पांढऱ्याफेक?"

"अगं, आपल्या खाडीतल्या सांगितल्या होत्या ना!"

"यवरी मोठी मान्सं येनार सरकारची. त्यांच्याम्होरं त्या काल्या, रॉकेलचा वास मारनाऱ्या तिसऱ्या ठेवाच्या? गावाची काय अब्रू राहील?"

माझा तोल गेला. "खाडी त्यांनी नासवली आणि लाज तुला वाटते? त्यांना वाटायला हवी ती तू का डोक्यावर घेऊन फिरतेस?"

 काकीने पदर खोचला, आत गेली आणि सरळ माइक हातात घेतला.

"सायेब, त्या तिसऱ्या मांडव्याच्या हायेत. आमच्या आता पावन्यांना द्याच्या लायकीच्या राहिल्या न्हाईत, म्हनून मी त्या आनल्या. माजं चुकलं."

साहेब ताडकन उठले. "निकाल आवडला नाही की नवी गोष्ट! लायकीच्या नाहीत, तर इथल्या तिसऱ्यांचं तुम्ही करता तरी काय?"

"खातो," काकी म्हणाली. "पावन्यांना मांडव्याच्या, घरच्यांना हितल्या. आतापन टोपात हायेत, दुपारच्या कालवनाच्या. चला, दाखवते."

 अधिकाऱ्यांचं पेन थांबलं. मी त्यांना म्हटलं, "तुम्हीच जा आणि आणा. मी आणायच्या नाहीत, अशी अटच आहे."

या वेळी त्यांना जावंच लागलं. काकीच्या चुलीपुढून ते स्वतः टोप उचलून घेऊन आले. पाण्यात तिसऱ्या अजून जिवंत होत्या. अधिकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत मी त्यातल्या काही उघडल्या, कापल्या, यंत्र पुन्हा सुरू केलं. पुन्हा तासभर सगळे बसून राहिले. साहेबांनी मधे दोनदा घड्याळाचा विषय काढला, पण गावाने त्यांना उठू दिलं नाही.

रेघ उभी वर गेली. कॉलेजात चढली होती त्याहून लवकर.

अधिकाऱ्यांनी आधीचा निकाल खोडला आणि खाली नवा लिहून सही केली. पोरांनी टाळ्या पिटल्या. साहेब कानाला फोन लावून बाहेर सटकले. मला त्यांच्या मागे धावत जाऊन बोलायचं होतं, खूप दिवसांचं साचलेलं सगळं. पण काकीने माझा हात धरला. ती पडद्याकडे बघतच नव्हती, टोपाकडे बघत होती.

"म्हंजे यात इख हाय?"

"हो, काकी."

"नातवंडं शालेतनं येतील आता," ती म्हणाली. "आज त्यांना दुसरं कायतरी घालीन. पन आजवर घातलं त्याचं काय करू, मृणाली?"