टपावरचं नाव

व्हॅनचा टप पांढरा करून घेण्यात शेठचा फायदा किती, ते आधी मांडू. गाडी चालवताना डोकं तापणार नाही, हा एक. बायकोची कटकट थांबेल, हा दुसरा. आणि सभागृहाची ऑर्डर मिळालीच, तर चार लोकांत "आमचा धंदा" म्हणत छाती काढायची सोय, हा तिसरा आणि खरा. खर्च काही नाही. रंगाचे पैसे बायकोच्या बिस्किटांच्या डब्यातून जाणार होते. त्या डब्यात ती दुसऱ्या ओव्हनसाठी साठवत होती.

शेठ हा कुणी शेठ नव्हे. केक बायको करते, क्रीम बायको फेटते, गिऱ्हाईक बायको सांभाळते. शेठ गाडी चालवतो आणि केक पोचवल्यावर "कसा झालाय?" असं अशा तोऱ्यात विचारतो, की पहाटे उठून अंडी यानेच फोडली असावीत. हे नाव मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाने, टिंगल म्हणून ठेवलेलं. टिंगल कळायला डोक्यात जी जागा लागते ती रिकामी नसल्यामुळे शेठने ते मान म्हणून स्वीकारलं.

सभागृहाच्या मॅनेजरची अट एकच होती. भर दुपारी तीन मजली केक सरळ उभा पोचवून दाखवा, वर्षभर दर शनिवारचा केक तुमचा. आणि ते जमलं तर ओव्हन, मागच्या गल्लीतली एक खोली, आणि घरातला पलंग परत माणसांना. सध्या पलंगावर केकचे डबे झोपत होते आणि माणसं जमिनीवर.

अडचण गाडीची होती. पत्र्याचा टप दुपारी इतका तापे की क्रीम वाटेतच अंग टाकत असे. म्हणून तिने रंगारी बोलावला. त्याने टप धुतला, गंज खरवडला, प्रायमर मारला, आणि ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले, मध्ये एक अख्खा दिवस सोडून.

"ताई, आता ऊन आल्या पावली परत जाईल," तो म्हणाला. "धूळ बसली तर पुसायची. बाकी काही करायचं नाही." शेवटचं वाक्य बोलताना तो शेठकडे बघत होता. माणूस ओळखायला त्याला दोन दिवस पुरले होते.

तिने क्रीमचं भांडं घेतलं आणि बाराच्या उन्हात बंद गाडीत जाऊन बसली. वीस मिनिटांनी बाहेर आली. क्रीमचे शेंडे जसेच्या तसे. तिने बोटाने एक शेंडा उचलून चाटला आणि बऱ्याच दिवसांनी हसली. मग तीन मजल्यांच्या तयारीला जी स्वयंपाकघरात गेली, ती शनिवारपर्यंत गाडीकडे फिरकली नाही.

शेठ मात्र चौथ्या मजल्यावर मेहुण्याकडे गेला. मेहुण्याच्या गॅलरीतून खाली गाडी दिसते.

"बघा, कसा चमकतोय!"

मेहुण्याने चहाचा घोट घेतला. "झकास. पण गाडी कुणाची ते काही वरून कळत नाही हो, भाऊजी."

दुसऱ्या दिवशी शेठने पाट्या रंगवणारा पेंटर आणला. पेंटर म्हणाला, पांढऱ्यावर पिवळं उठायचं नाही, खाली काळा पट्टा मारू. शेठ म्हणाला, पट्टा जरा मोठा घ्या. मग म्हणाला, अजून जरा. शेवटी चार बोटं पांढरी किनार उरली. बाकी सगळा टप काळाभोर, आणि त्यावर माणूस आडवा झोपेल एवढं पिवळं 'शेठ'. 'केक' लिहायला जागा उरली नाही.

रंगारी नेमका त्याच रस्त्याने चालला होता. त्याने सायकल थांबवली. "शेठ, हे काय? काळा रंग ऊन पितो!"

"अहो, खाली तुमचा पांढरा आहेच की!" शेठ समजावणीच्या सुरात म्हणाला. "तो काय कुठे गेलाय?"

रंगाऱ्याने मान डोलावली. "बरोबर. पावसात छत्री खिशात ठेवून फिरा, तीही कुठे जात नाही. ताईंना सांगितलंय का?"

"तिला सांगू नका हं. गंमत दाखवायचीय."

रंगारी पुटपुटत निघून गेला. नवराबायकोच्या मध्ये पडायचे पैसे त्याला कुणी दिले नव्हते.

शनिवारी तिने केक गाडीत चढवला. उंचीने ती गाडीच्या खिडकीएवढी. टप तिला दिसायचा प्रश्नच नव्हता. मेहुण्याला गॅलरीतून सगळं दिसत होतं. त्याने फोटो काढला, 'आता विमानवाल्यांनाही कळेल' असं लिहून नातेवाइकांना पाठवला, आणि खाली उभ्या बहिणीला हात केला. तिनेही केला.

पाऊण तासाची वाट. ती मागे, केकची पाटी मांडीवर धरून.

"अहो, आज एवढं का तापलंय?"

"उकाडा आहे. आणि तू बोलू नकोस, बोलण्याने वाफ होते."

वरचा मजला हलला तेव्हा तिने तो एका तळव्याने सावरला. मधला सरकला तेव्हा दुसऱ्याने. खालच्यासाठी तिसरा हात नव्हता.

मॅनेजर पहिल्या मजल्यावरच्या जिन्यात उभा होता. तिने वर आणलेल्या पाटीकडे त्याने पाहिलं.

"ताई, हे कापायचं की ओतायचं?" मग तिच्या खांद्यावरून खाली बघत म्हणाला, "आणि हा शेठ कोण?"

तिने वळून खाली पाहिलं. कोपरापर्यंत क्रीम, आणि समोर उन्हात तिच्या नवऱ्याचं नाव. शेठ गाडीला टेकून वर बघत होता. गंमत आवडली का, ते विचारायला त्याने तोंड उघडलेलंच होतं.

"धंद्याचं नाव व्हायला नको का गं?"

"झालं," ती म्हणाली.

आता उरलेली मांडणी. रंगाऱ्याला त्याचे पैसे मिळाले. पेंटरलाही मिळाले, तेही शेठने त्याच डब्यातून काढून दिले होते. मेहुण्याला नातेवाइकांची वाहवा मिळाली. मॅनेजरला पुढच्या शनिवारी दुसरी केकवाली मिळाली. शेठ म्हणतो, त्या मॅनेजरला केकमधलं काही कळतच नाही. काळ्यावर पुन्हा पांढरे दोन हात द्यायला तिने रंगाऱ्याला बोलावलं, आणि डब्यात जे होतं ते झटकून दिलं. पलंगावर अजून डबेच झोपतात.

बिस्किटांच्या डब्यात आता बिस्किटं असतात. ती शेठ खातो.